पाया भरण्याआधी



मागच्या महिन्यात शेजारच्या गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, चहा आला, आणि एक ताई म्हणाल्या, "आमच्या शाळेची नवी खोली दुसऱ्याच पावसात गळायला लागली. तक्रार कुणाकडं करायची?" मी विचारलं, "खोलीचं अंदाजपत्रक बघितलं होतं का?" त्या म्हणाल्या, "ते कसलं?" त्यांना हसायची माझी छाती नाही. पहिल्यांदा ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा मलाही ते कसलं असतं हे ठाऊक नव्हतं.

आज बोलायचंय ते याच विषयावर. गावात सरकारी पैशातून इमारत उभी राहते. अंगणवाडी असेल, शाळेची खोली असेल, सभागृह असेल. तिचा ठेका ठरतो तेव्हा जी बोलणी होतात, तिथं आपण कुठं असतो? बहुतेक वेळा चहा करत असतो किंवा शेतात असतो. नारळ फोडायला मात्र आपल्याला बोलावतात.

आधी माझी चूक सांगते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या आणि त्या निम्म्यात मी आले. पहिल्याच वर्षी गावात सभागृहाचं काम निघालं. मासिक सभा होती. रजिस्टर पुढं आलं, त्यावर विषय लिहिलेला होता, ठरावाची जागा कोरी होती. शिपाई म्हणाला, "वहिनी, इथं सही करा, बाकी भाऊसाहेब लिहून घेतील." मी केली. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, तुमच्याकडंही त्यांना हेच म्हणत असतील. पुढं त्या कोऱ्या जागेत काय लिहिलं गेलं ते मी तीन वर्षांनी वाचलं. सभागृहाच्या स्लॅबवर उतार काढून गळतीबंद थर द्यायचा होता, तो "निधीअभावी वगळण्यात यावा" असं एकमतानं ठरलं होतं. त्या एकमतात मीही होते. आज त्या सभागृहात पावसाळ्यात कार्यक्रम घेता येत नाही, आणि कुणी विषय काढला की मी मान खाली घालते.

म्हणून दोन वर्षांनी अंगणवाडीचं काम आलं तेव्हा ठरवलं, आधी कागद.

आमची अंगणवाडी देवळाच्या मंडपात भरायची. सेविकाताई सकाळी सतरंजी टाकायच्या, दुपारी गुंडाळून घरी न्यायच्या. गावात लग्न असलं की पोरांना सुट्टी. मुली मोठ्या झाल्या तरी शौचाला देवळामागच्या बाभळीत जायच्या. इमारत मंजूर झाली, अंदाजपत्रक साडेआठ लाखांचं होतं. मी सदस्य असल्यामुळं त्याची प्रत मागितली. भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, त्यातलं तुम्हाला काय कळणार?" मी म्हटलं, "नाही कळलं तर तुम्हालाच विचारीन." प्रत मिळायला तीन हेलपाटे झाले.

ती प्रत आम्ही गटाच्या बैठकीत वाचली. माझी धाकटी नणंद बारावी झालेली, ती मोठ्यानं वाचायची आणि आम्ही अडवायचो. एका ओळीत एक काम, त्याचं माप, त्याचा दर आणि शेवटी रक्कम, असा तो कागद असतो. खोदाई इतके घनमीटर, गिलावा इतके चौरस मीटर. पहिल्या दोन पानांत आमचं डोकं दुखलं. मग एक मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर किराण्याची यादी." त्यानंतर सोपं गेलं. आमच्यात अर्ध्याजणी बांधकामावर मजुरीला गेलेल्या आहेत. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्या यादीत आम्हाला काय सापडलं ते सांगते. पोरांसाठी बुटक्या भांड्याचं शौचालय होतं. पाण्याची टाकी होती. स्वयंपाकाचा ओटा होता. दाराशी पायऱ्यांच्या जोडीला उतार होता, म्हणजे पायानं अधू असलेलं पोर आत येऊ शकेल. आणि शेवटच्या पानावर एक कमान होती, एकेचाळीस हजारांची.

आता ठेका कसा ठरतो ते थोडक्यात. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायचं आणि इतका पैसा द्यायचा हे ठरतं. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे इंजिनियर नकाशा आणि अंदाजपत्रक तपासून सही करतो. मग निविदा. सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम मिळतं, त्याच्याशी करारनामा होतो आणि कार्यारंभ आदेश निघतो. काही कामं ग्रामपंचायत स्वतः करते, काही जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग करतो. काम कुणाचंही असो, हे कागद असतातच.

आमच्या कामात ठेकेदारानं बारा टक्के 'बिलो' भरलं. म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा बारा टक्के कमी दरात करतो म्हणाला. साडेआठ लाखांचे बारा टक्के म्हणजे एक लाख दोन हजार. काम ठरलं सात लाख अठ्ठेचाळीस हजारांना. गावात आनंद झाला की पैसे वाचले. मला भीती वाटली. बाजारात भाव ठरलेला असताना कुणी बारा टक्के कमी घेतो म्हणाला तर आपण तराजूकडं बघतो ना?

पाया खणायला सुरुवात झाली आणि आठव्या दिवशी ठेकेदार पंचायतीत आला. सरपंच होते, भाऊसाहेब होते, इंजिनियरसाहेब फोनवर होते. मी आणि आणखी एक बाई सदस्य, दोघीच. ठेकेदार म्हणाला, "जागा काळ्या मातीची निघाली. पाया तीन फूट जास्त खोल जातोय. मला अठ्ठावन्न हजार जास्त लागणार. तुम्ही शौचालय आणि टाकी सोडा, मी तेवढ्यात भागवतो." सरपंच म्हणाले, "करून टाका ॲडजस्ट. पोरं काय, बाहेर जातातच."

मैत्रिणींनो, बोलणी म्हणतात ती हीच. पाच मिनिटांत उरकतात. कुणी पैसे खाल्लेत असंही दरवेळी नसतं. तो ठेकेदार खोटं बोलत नव्हता. काळ्या मातीत पाया खोल न्यावाच लागतो, नाहीतर माती फुगते, आकसते आणि भिंतीला तडे जातात. त्याची अडचण खरी होती. पण तिची किंमत त्या टेबलाभोवती नसलेल्या पोरींनी द्यायची, असं ठरत होतं.

माझे पाय लटपटत होते. मी एवढंच म्हटलं, "हे सगळं लिहून द्या. किती खोल, किती घनमीटर, कोणत्या दरानं, आणि शौचालय वगळलं तर त्याचे किती पैसे कमी होणार. तोंडी नको." ठेकेदार हसला. म्हणाला, "वहिनी, लिहायला बसलो तर पावसाळा येईल." माझ्या सोबतची बाई एरवी सभेत बोलत नाही. ती म्हणाली, "येऊ द्या. देवळात बसतीलच पोरं, आत्ताही बसतात."

मग आम्ही तीन गोष्टी मागितल्या. खड्डा बुजवण्याआधी इंजिनियरसाहेबांनी स्वतः येऊन खोली मोजावी आणि मोजमाप पुस्तकात लिहावी, कारण एकदा काँक्रीट पडलं की पाया चार फूट आहे की सात, कोण सांगणार? दुसरं, जास्तीच्या कामालाही तोच बारा टक्के बिलो लागावा. आमच्या करारनाम्यात तसं कलमच होतं, फक्त कुणी वाचलं नव्हतं. आणि काय वगळायचं हे महिला सभेत ठरावं.

महिला सभेचं लक्षात ठेवा. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात, म्हणजे १९५८ च्या कायद्यात, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं सांगितलंय. तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं मांडायचं असतं. विकासकामांचा आराखडा आणि खर्चही ग्रामसभेपुढं यायला हवा. पुष्कळ गावांत महिला सभा कागदावरच होते. रजिस्टर घरोघरी फिरतं आणि अंगठे घेऊन परत जातं. आमच्याकडंही तसंच होतं. त्या वेळी पहिल्यांदा बासष्टजणी खरोखर आल्या.

इंजिनियरसाहेब आले, टेप लावली. तीन फूट नव्हे, सव्वादोन फूट जास्त निघालं. अठ्ठावन्नचे चव्वेचाळीस हजार झाले, आणि बारा टक्के वजा करून अडतीस हजार सातशे वीस. आता ते कुठून आणायचे? कुणी म्हणालं, बिलोमुळं लाखभर वाचलेत त्यातून घ्या. साहेब म्हणाले, वाचलेला पैसा योजनेचा, त्याला हात लावायचा तर सुधारित मंजुरी लागेल आणि त्याला महिने जातील. तेव्हा त्या किराण्याच्या यादीवाल्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "मग कमान काढा की."

सभागृहात शांतता पसरली. हो, त्याच गळक्या सभागृहात सभा होती. कमानीवर नावं असतात, मैत्रिणींनो. कुणाच्या प्रयत्नातून, कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या कारकिर्दीत. शौचालयावर कुणी नाव लावत नाही. सरपंचांचा चेहरा उतरला. मला त्यांचं थोडं वाईटही वाटलं. भला माणूस, फक्त कमान हवी होती. पण बासष्ट बायकांसमोर कमानीच्या बाजूनं बोलणार कोण? कमानीचे एकेचाळीस हजार, बारा टक्के वजा जाता छत्तीस हजार ऐंशी. उरले दोन हजार सहाशे चाळीस. ते ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या पैशातून दिले. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा त्यासाठी खर्चायचा असतो. तुमच्या गावात तो कशावर जातो, एकदा विचारून बघा.

हा बदल लेखी झाला. वगळलेलं काम, वाढलेलं काम, दर, रक्कम आणि इंजिनियरची सही. तो एक कागद मिळवायला अकरा दिवस गेले. पावसाळा आला नाही.

बोलण्यांबद्दल आणखी एक सांगायला हवं. निविदा उघडल्यावर ठेकेदाराशी बंद खोलीत घासाघीस करणं हे मुळातच धोक्याचं मानलं जातं. केंद्रीय दक्षता आयोगानं मार्च २००७ च्या परिपत्रकात केंद्र सरकारच्या कार्यालयांना बजावलं होतं, की निविदेनंतरची अशी बोलणी भ्रष्टाचाराचं मूळ होऊ शकतात, म्हणून अपवाद सोडता ती करूच नयेत. ते परिपत्रक पंचायतीसाठी काढलेलं नाही. पण कारण जे दिल्लीत, तेच आपल्या चावडीवर. दर कमी झाल्यासारखा दिसतो आणि माल कमी होतो.

आणि जो सदस्य आहे त्यानं स्वतः किंवा भागीदाराच्या आडून पंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध ठेवायचा नाही. याच कायद्याच्या चौदाव्या कलमानं त्याचं सदस्यपद जाऊ शकतं. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. पण सभेत "हा ठेकेदार कुणाचा?" असं विचारायला बाई लाजते, तिनं हे कलम पाठ करून जावं.

आता घरातलं. आमचा ठेकेदार माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या माहेरचा. त्या माझ्याशी पाच महिने बोलल्या नाहीत. चूल वेगळी असली तरी अंगण एकच आहे आमचं. दिवाळीला फराळाचं ताट गेलं, ते तसंच परत आलं. मालकांना पानटपरीवर लोक म्हणायचे, "काय, आता वहिनी सेंट्रिंगपण लावणार म्हणं." ते घरी येऊन गप्प बसायचे. मी शूर नव्हते. दोनदा वाटलं, जाऊ दे, सही करून टाकू. नाही केली याचं श्रेय माझ्याएवढंच त्या बासष्टजणींना आहे, कारण मी सही केली असती तर पाणवठ्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

काम चालू असताना आम्ही पाळ्या लावल्या. रोज दोघी जायच्या, शेतातून येता-जाता. भांडायला नाही, बघायला. काय बघायचं ते दोन-तीन गोष्टींत सांगते. सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं, खडीला आणि वाळूला घमेली किती पडतात ते मोजायचं. स्लॅब टाकल्यावर निदान सात ते दहा दिवस पाणी मारलं जातंय का ते बघायचं. ठेकेदाराचा माणूस विसरतो, मग आम्हीच कळशी ओतायचो. आणि लोखंड. बारा मिलिमीटरची सळई एक मीटर लांब घ्या आणि दुकानातल्या काट्यावर ठेवा. ८८८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. दहाची ६१७, आठची ३९५. थोडं इकडंतिकडं चालतं, पण बाराची म्हणून आणलेली सातशे भरली तर ती बाराची नव्हे. आम्ही तोडलेला तुकडा उचलून किराणा दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हे कोणत्या भाजीत घालायचं?" आमची सळई बरोबर भरली, हेही सांगायला हवं. ठेकेदारानं लोखंडात काही केलं नव्हतं.

तुम्ही सदस्य नसलात आणि प्रत देत नसले, तर माहितीचा अधिकार आहे. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही लागत नाही, दाखला जोडायचा. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, प्रतीचे पानाला दोन रुपये. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. नावानिशी मागा: अमुक इमारतीचं अंदाजपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पानं, वाढीव आणि वगळलेल्या कामांची यादी, दिलेली बिलं. प्रती नको असतील तर कागद बसून बघायला मिळतात, पहिल्या तासाला पैसे नाहीत. या कायद्यात चालू कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा अधिकार कुठून आला ते ऐकाल तर बरं वाटेल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन नावाची मजुरांची, शेतकऱ्यांची संघटना आहे. अरुणा रॉय त्यांच्यातल्या. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी त्यांनी जनसुनावणी भरवली. गावातल्या सरकारी कामांचे कागद, हजेरीपटासकट, लोकांपुढं मोठ्यानं वाचले. ज्यांच्या नावावर मजुरी निघाली ते लोक समोरच बसलेले. कुणी उठून म्हणालं, मी तर त्या कामावर गेलोच नाही. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्याच चळवळीतली. आपल्या महाराष्ट्रातही आंदोलन झालं, २००२ साली राज्याचा कायदा आला आणि २००५ साली देशाचा. त्या गावानं कागद वाचला तेव्हा काम होऊन गेलेलं होतं. आपल्याला आता तोच कागद पाया भरण्याआधी मागता येतो.

आमची अंगणवाडी उभी आहे. शौचालय आहे, टाकी आहे, उतार आहे. कुंपण मात्र झालं नाही. ते अंदाजपत्रकातच नव्हतं, ते आम्ही वाचताना आमच्याच लक्षात आलं नाही. गुरं आवारात शिरतात आणि सेविकाताई आम्हालाच बोल लावतात. जाऊबाई बोलायला लागल्या, त्यांचा नातू त्याच अंगणवाडीत जातो.

एक काम बाकी आहे. आमच्या करारनाम्यात दोन वर्षं दोष दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची आहे, आणि तोवर त्याची अनामत रक्कम जमा राहते. सभागृहाच्या वेळी ती मुदत कधी संपली ते आम्हाला कळलंही नव्हतं. या वेळी तारीख गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. ती येत्या श्रावणात संपते. त्याआधी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही आठजणी स्लॅबखाली उभ्या राहून वर बघणार आहोत. गळलं तर अनामत परत जाण्याआधी अर्ज पंचायतीत पोचलेला असेल. कोरा अर्ज भाऊसाहेबांकडून आत्ताच आणून ठेवलाय.